मोहरांची डबी

लोक मोहरा कमरेला लावून घोड्यावरून हिंडायचे, त्या काळातली गोष्ट. चिमाबाईच्या घरी मोहरांची एक चांदीची डबी होती. ती शेजारच्या लाकडी संदुकीला सारखी हिणवायची, "तुझ्या पोटात लुगडी. माझ्या पोटात सोनं!"

चिमाबाईला मुलगा झाला. मोहरा सोनाराकडे गेल्या आणि त्यांच्या बाळाच्या मनगटातल्या बिंदल्या झाल्या. रिकाम्या डबीत चिमाबाईने रीतीप्रमाणे बाळाची वाळलेली नाळ ठेवली.

डबी हादरलीच. "अगं बाई! हे काळं, सुकलेलं माझ्या पोटात? बाटले मी!"

मुलगा मोठा होऊन मोहिमेवर गेला. वर्ष उलटलं तरी त्याचा सांगावा नाही. अशात एका दुपारी घराच्या छपराने पेट घेतला. नवरा ओरडला, "अगं, दागिने घे!" चिमाबाई धुरात शिरली आणि बिंदल्या सोडून तिने डबीच उचलली.

"बाई, चुकलात! माझ्यात सोनं नाही!" डबी किंचाळली.

अंगणात नवरा कळवळला, "ही रिकामी डबी कशाला आणलीस?"

"रिकामी नाही हो," म्हणत चिमाबाईने ती छातीशी घट्ट धरली.

मोहरा पोटात असताना डबीला असं कधीच कुणी धरलं नव्हतं.