राखणदाराची कडी

फार जुन्या काळी, गावांना काट्यांची कुंपणं असत तेव्हा, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावाला एकच राखणदार. उंचापुरा, भाल्याचा नेम न चुकणारा. त्याच्या धाकट्या भावाला वाटे, दादा आहे तोवर कशाचीच भीती नाही.

गावाची एक रीत होती. राखणदार लांडग्यांवर धावून गेला, की लोहार त्याच्या उजव्या हातात एक लोखंडी कडं चढवी. लांडगे मुलूख सोडून गेले, की सगळी कडी उतरवत आणि राखणदार महिना झोपून काढी.

एका वर्षी लांडगे आले ते गेलेच नाहीत. गावामागच्या घळीत राहिले, तिथंच व्यायले. कधी शेळी उचलत, कधी वासरू. राखणदार धावतच राहिला. मनगट भरलं, कोपर भरला, दंड भरला.

"काय शोभतो बघा!" लोक म्हणत.

त्याचा हात तोंडापर्यंत जात नाही, हे धाकट्यालाच ठाऊक होतं. तोच त्याला घास भरवी.

एक दिवस सगळे चावडीवर जमले असताना तो छिन्नी घेऊन आला. "दादा, हात पुढे कर."

"वेड लागलं का तुला? लांडगे आहेत अजून."

"म्हणूनच तर!"

गावचा म्हातारा कारभारी ओरडला, "ए, ठेव ती छिन्नी! शत्रू दारात असताना कडं उतरवलं तर राखणदाराची लाज जाते."

"लाज जाऊ दे, हात तर राहील!"

"दादाच्या कड्यांचा हेवा वाटतोय त्याला," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. दादाही हसला. "एवढा हिवाळा जाऊ दे रे."

धाकट्यानं छिन्नी भिरकावली आणि तरातरा रानात निघून गेला.

आठव्या दिवशी, भर दुपारी, एक म्हातारा, लंगडा लांडगा कुंपणातून आत आला. राखणदारानं त्याला पाहिलं. भाला मुठीत होता. हात वर झालाच नाही.

धाकटा पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"नुसता उभा राहिला हो. भ्याला असणार," लोक म्हणाले.

तिरडी चौघांना पेलेना. कारभाऱ्यानं नवं कडं पुढे केलं. "आता तू."

"आधी त्याची उतरवा," धाकटा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत घण चालला. शेवटचं कडं निघालं तेव्हा खाली हात काडीसारखा वाळलेला होता. सगळ्यांनी तो पाहिला.

धाकट्यानं कडं घातलं नाही. दुसऱ्याही कोणी घातलं नाही. हिवाळा सरायच्या आत गाव उठून गेलं आणि लांडग्यांची पिलं चावडीत लोळू लागली.

तात्पर्य: जो आपल्यासाठी रोज लढतो त्याला लढाई चालू असतानाच विसावा द्यावा; ती संपायची वाट पाहिली, तर आधी तोच संपतो.