पुसलेला पक्षी

एका राज्यात पाणी पक्षी आणत. पाठशाळेतली मुलं धूळपाटीवर पक्षी काढीत, ते फडफडून उठत, डोंगरापलीकडच्या सरोवरातून चोची भरून आणत आणि राजाचं तळं भरे. त्यात कुणाला नवल वाटत नसे.

गुरुमाता वैखरीची शिस्त मोठी. आधी तिने पोपट काढायचा, मग मुलांनी गिरवायचा. एकदा कांचनी नावाच्या मुलीने भलताच पक्षी काढला. सगळे खो खो हसले. गुरुमातेने तळहाताने पाटी पुसून टाकली. तोच हाताला लागलेली धूळ बोलली, "कुणीच न दाखवलेला पक्षी पुन्हा उमटेपर्यंत एकही उडणार नाही."

गुरुमाता दचकली. पण शब्द सुटला होता.

तळं आटत गेलं. राजा सुमेध म्हणाला, "गुरुमाते, तीन दिवसांचं पाणी उरलंय."

पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "मनाला येईल तो पक्षी काढा." वीस पाट्यांवर वीस पोपट उमटले. तिचेच.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मुद्दाम चुका!"

"कुठे चुकायचं, गुरुमाते?"

"ए, तू कुठे चुकतोयस? बघू की!" एकाने शेजारच्याच्या पाटीत डोकावत विचारलं.

वैतागून तिने वाकड्या चोचीचा पोपट काढून दाखवला. वीस वाकड्या चोची उमटल्या, अगदी एका मापाच्या.

तिसऱ्या दिवशी ती कांचनीपुढे बसली. आता कांचनीचा पोपट वर्गात सर्वांत सुबक असे.

"तेव्हा काढलास तसा काढशील?"

"आठवत नाही. तुम्ही पुसाल."

"मग माझे हात बांध."

कांचनीने आपल्या ओढणीने गुरुमातेचे हात पाठीमागे बांधले. मग भीत भीत बोट फिरवलं. एक पंख सुपाएवढा झाला, दुसरा पानाएवढा. कुणी हसण्याआधीच कांचनीने स्वतःच पुसायला तळहात उचलला.

"नको ग, बाळ!" गुरुमाता ओरडली. तिला हात धरता येईना.

तळहात पडला. अर्धी शेपटी पुसली गेली. उरलेला पक्षी बोटांच्या फटीतून निसटला आणि तिरपा तिरपा उडाला.

शाप तुटला. मुलांच्या पाट्यांवरून नाना तऱ्हांचे पक्षी उठले, तळं काठोकाठ भरलं, राज्य पहिल्यासारखं चालू लागलं.

गुरुमाता मात्र रोज संध्याकाळी काठावर बसते, परतणारा प्रत्येक पक्षी निरखते. तो पहिला, पुसलेला, यांत असेलही कदाचित. तिला ओळखू यायचा नाही. पुसताना तिने तो नीट पाहिलाच नव्हता.