शनिवारी अर्धी राहिलेली गोष्ट

घाटाखालच्या एका गावात दबोरा नावाची बाई राहत होती. हाताने चपळ, मनाने सरळ आणि गोष्ट सांगण्यात पटाईत. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी ती आपल्या लेकरांना, सुवार्ताला आणि जोएलला, प्रभू येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट सांगायची. पण तिची एक खोड होती. मनात धरलेला राग तिला सोडता येत नसे.

हा राग होता धाकट्या जावेवर, रिबकावर. झालं होतं असं. चर्चमधला प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला नाहीसा झाला. चर्चची झाडलोट दबोरा करायची, म्हणून आळ तिच्यावर आला. खरं तर त्या दिवशी दुपारभर ती रिबकाबरोबर शेंगा फोडत बसली होती. रिबकाने तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण पंचांनी विचारलं तेव्हा, आपल्यालाही चोर म्हणतील या भीतीने ती म्हणाली, "मला काही ठाऊक नाही."

पुढे प्याला वेदीमागच्या फटीत सापडला. सगळ्या गावाने दबोराची माफी मागितली आणि तिने ती दिलीही. रिबकाशी मात्र तिने बोलणं टाकलं. घरं एकाच अंगणात, पण दोघी एकमेकींचं तोंड बघत नसत.

ईस्टरच्या आदल्या त्या शनिवारी करंज्या करता करता दबोराने गोष्ट सुरू केली. सैनिकांनी येशूला धरून नेलं. त्याचा शिष्य पेत्र मागोमाग गेला आणि शेकोटीशी उभा राहिला. लोक विचारू लागले, तू येशूबरोबरचाच ना? तसा तो भ्याला. म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग वधस्तंभ, मग कबर. मग रविवारची पहाट, बाजूला सरलेली धोंड आणि रिकामी कबर. मुलांचे डोळे चमकले.

"मग येशू पेत्राला भेटला?" जोएलने विचारलं.

"भेटला की. तळ्याकाठी निखाऱ्यांवर मासे भाजले आणि पेत्राला आणि त्याच्या सोबत्यांना खायला बोलावलं."

"आधी रागावला असेल."

"नाही रे. आधी जेवू घातलं."

सुवार्ता मग म्हणाली, "आई, मग रिबकाकाकूला तू का बोलावत नाहीस?"

"ती गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

कढईतली करंजी करपली, तरी दबोराचं लक्ष नव्हतं. पेत्राबद्दल सांगताना तिला त्याची दया आली होती, आणि रिबकाचं नाव निघताच मनातला राग उफाळला होता. मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती. आता काहीबाही सांगितलं, तर सगळी गोष्टच त्यांना खोटी वाटेल, हे तिला कळलं.

तिने कढई उतरवली, हात पुसले आणि ती अंगण ओलांडून गेली. रिबका दारात धान्य निवडत होती. दबोराला बघून ती खाली मान घालून उठली.

"रिबका, उद्या सगळे आमच्याकडे जेवायला या," दबोरा म्हणाली.

"ताई, कोणत्या तोंडाने येऊ?"

"पेत्र कोणत्या तोंडाने गेला होता?"

रिबका दाराला धरून रडली. दबोराने तिला जवळ घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या स्वतःच्या छातीवरचा भार उतरला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना चर्च भरलं. उपासना सुरू होणार तोच रिबका उठून उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "प्याला हरवला त्या दुपारी ताई माझ्याजवळ होत्या. मला ठाऊक होतं. मी तुम्हाला भ्याले आणि खोटं बोलले. आज मी भीत नाही."

मग दबोरा उठली, जावेशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने तिचा हात घट्ट धरला.

चर्चच्या पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. ते मोठ्याने म्हणाले, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" लोकांनी असा गजर केला की छपरावरची कबुतरं उडाली. ढोलकी वाजू लागली, झांजा वाजू लागल्या, आणि गात गात सगळे उन्हात बाहेर पडले. सर्वांत पुढे दोघी जावा होत्या. त्यांच्यामागे सुवार्ता आणि जोएल उड्या मारत चालले होते. राहिलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

तात्पर्य: येशू उठला हे मुलांना सांगणाऱ्याने आधी मनातला राग सोडावा, कारण घरात क्षमा दिसली की ती गोष्ट मुलांना खरी वाटते.