मातीसकट शेंगा

"पण मग माझं चुकतंय कुठं, बुवा?"

शिरीषने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा अप्पाबुवांनी ऐकलं होतं, पण उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती. मठाच्या ओसरीवर मांडी घालून ते भुईमुगाच्या ताज्या वेलांवरून शेंगा तोडत होते. नखांत काळी माती भरली होती.

आश्विनातली दुपार. ऊन अजून चटकत होतं, सावली मात्र गार व्हायला लागली होती.

शिरीष एका कारखान्यात नियोजन बघायचा. कुठला सुटा भाग कुठल्या दिवशी कुठल्या यंत्रावर चढणार, हे तो महिनाभर आधी सांगायचा आणि ते सहसा चुकायचं नाही. अशा माणसावर 'माझं चुकतंय कुठं' असं विचारायची पाळी यावी, म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असणार. तसंच झालं होतं.

त्याचे वडील जेवेनासे झाले होते. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं होतं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीण घालून झाली. कुठे काही सापडलं नाही. परवा डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तेव्हापासून शिरीषच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आधी तू काय करतोस ते सांग," बुवा म्हणाले.

हे सांगायला शिरीषला आवडायचं. त्याने खिशातून एक कागद काढला. कागदाला प्लॅस्टिकचं आवरण होतं, कोपरे गोल कापलेले होते.

"हा आमच्या फ्रिजवर असतो. दाखवायला म्हणून आणलाय."

"वाच."

"सोमवारी घेवडा आणि ज्वारीची भाकरी. मंगळवारी मुगाची खिचडी, कढी. बुधवारी लाल भोपळा, चपाती, लसणाची चटणी. गुरुवारी दोडका, वरण-भात. शुक्रवारी मेथी आणि बाजरीची भाकरी. शनिवारी भरली वांगी. रविवारी भोपळ्याचे घारगे, नाहीतर असंच काहीतरी गोड."

"वा," बुवा म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

शिरीषला जरा हुरूप आला. त्याची बायको मेघना नर्स, तिच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. मुलगी रेवा बारावीला, ती क्लासमधून आठला घरी यायची. म्हणून रात्रीचा स्वयंपाक त्याने आपणहून अंगावर घेतला होता. विकतचं काही नाही. त्या त्या ऋतूत जे येतं तेच.

"आठवड्याची भाजी रविवारी सकाळीच आणतो, बुवा. धुतो, निवडतो, चिरतो आणि डब्यांत भरतो. डब्यावर वाराची चिठ्ठी. संध्याकाळी साडेसातला घरी येतो, साडेआठला चौघांची पानं वाढलेली असतात. एकदाही उशीर नाही."

"सोमवारी तात्या काय करतात?"

"जेवतात... म्हणजे, पानावर बसतात."

"मंगळवारी?"

"तेच."

"आणि आधी काय करायचे?"

शिरीषला हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

"आधी... आधी भाजी तेच आणायचे. रोज सकाळी पिशवी घेऊन मंडईत. मग दुपारी पेपर पसरून निवडत बसायचे. दोन-दोन तास चालायचं त्यांचं. पण आता डोळ्यांना नीट दिसत नाही हो. जूनमध्ये रेवाच्या पानात अळी निघाली. कोबीच्या भाजीत. पोरगी किंचाळून उठली, जेवलीच नाही."

"मग?"

"मी एका शब्दाने बोललो नाही त्यांना." शिरीषचा आवाज मऊ झाला. "उलट त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, तात्या, जन्मभर केलंत. आता तुम्ही फक्त बसा."

शेजारपाजारचे दोघे-तिघे तेव्हा म्हणाले होते, मुलगा असावा तर असा. हे त्याने बुवांना सांगितलं नाही. सांगावंसं मात्र फार वाटलं.

बुवांचा हात क्षणभर शेंगेवर थांबला... मग त्यांनी ती तोडली आणि परातीत टाकली.

"तू पिशवीतून काय आणलंयस?"

शिरीष त्याचीच वाट बघत होता. रविवारी संध्याकाळी मठात पंगत असते, हे त्याला अकरा वर्षं ठाऊक होतं. बुवांचा अनुग्रह घेतल्यापासून तो कधी रिकाम्या हाताने आला नव्हता. त्याने स्टीलचा मोठा डबा पुढे केला आणि झाकण काढलं. आत चार किलो घेवडा होता. शिरा काढलेला, बोटाबोटाएवढा मोडलेला, धुऊन कोरडा केलेला. एक डाग शोधून सापडला नसता.

"तुमच्या माणसांना त्रास नको, म्हणून निवडूनच आणलाय."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तीन म्हातारी माणसं बसली होती. दोन आजोबा आणि एक कोंडाबाई. कोंडाबाई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांना धड दिसत नसे, पण कान शाबूत. तिघांच्याही पुढे रिकामी ताटं होती. भाजी आणतोय असा शिरीषचा सकाळीच फोन आलेला, तेव्हापासून ती मंडळी भाजी निवडायला बैठक मारून बसली होती.

कोंडाबाई चाचपडत पुढे आल्या. त्यांनी डब्यात हात घालून घेवडा वरखाली केला.

"ह्येच्यात करायचं काय ऱ्हायलंच न्हाई की," त्या म्हणाल्या.

"नाही ना आजी!" शिरीष हसून म्हणाला. त्याला ती शाबासकी वाटली.

तिघांनी आपापली ताटं उचलली. एक आजोबा उगीचच ताट धोतराला पुसत राहिले.

"घेवडा उद्याला ठेवा," बुवांनी आत आवाज दिला. "कोंडाबाई, तुम्ही तांदूळ घ्या निवडायला."

"सकाळीच निवडलेत की वो."

"परत निवडा."

कोंडाबाईंचा चेहरा लगेच खुलला. एवढी अडाणी पद्धत बघून शिरीषला मनातल्या मनात हसू आलं. एकच काम दोनदा! त्याच्या कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याने दोन शब्द ऐकवले असते.

"बुवा, माझ्या प्रश्नाचं..."

"आज जेवूनच जा. पण आज तू पाहुणा. तू फक्त बस."

शिरीष बसला.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्याने सहज हात पुढे करून एक वेल ओढला. बुवांनी तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला.

"तू बस."

थोड्या वेळाने तो उठून पाण्याच्या हौदाकडे गेला. तिथे एक बाई कळशी भरत होत्या. त्याने कळशीला हात लावला तशा त्या केवढ्यांदा म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही कशाला? बसा हो तुम्ही!" आणि कळशी कंबरेवर घेऊन निघूनही गेल्या. अंगण झाडायला त्याने खराटा घेतला, तर एक आजोबा लगबगीने आले आणि खराटा काढून घेतला. वर हात जोडले. पत्रावळी मांडायला वाकला, तेव्हा दोघांनी मिळून त्याला हाताला धरून परत ओसरीवर आणून बसवलं. सगळं कसं अगदी प्रेमाने चाललं होतं.

मेघनाचा फोन आला.

"तात्यांनी दुपारी दोन घास खाल्ले फक्त," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू काय करतोयस?"

"बसलोय."

"बरं झालं. कधी नव्हे ते."

"हो..."

फोन ठेवल्यावर त्याला कळेना की आपल्याला एवढा राग कशाचा येतोय. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता, भोपळ्याला फोडणी बसली होती, कुणीतरी कुणाला तरी मीठ कुठे ठेवलंय म्हणून ओरडत होतं. सगळं त्याच्यावाचून बिनबोभाट चाललं होतं. आपला अपमान झालाय, असं त्याला वाटत होतं, आणि तो केलाय कुणी, ते काही सापडत नव्हतं. त्याने भिंतीतले चिरे मोजले. मग परत मोजले.

दिवस मावळताना पंगत बसली.

लाल भोपळ्याची भाजी होती, बाजरीची भाकरी, ठेचा, आमटी आणि भात. ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. बुवांच्या एका बाजूला शिरीष, दुसऱ्या बाजूला कोंडाबाई.

दुसऱ्याच घासाला बुवांच्या दाताखाली 'कट्' वाजलं. सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. बुवांनी तोंडातून खडा काढला आणि पत्रावळीच्या कडेला नीट ठेवला.

"आज एकच, कोंडाबाई."

"मागल्या आइतवारी तीन व्हते!" कोंडाबाई खुशीत म्हणाल्या आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

शिरीषला राहवेना. तो बुवांकडे झुकून हळूच म्हणाला, "त्यांना दिसत नाही. तुम्हाला खडे लागतात. तरी तांदूळ त्यांनाच देता?"

"दात माझे आहेत," बुवा म्हणाले, "तांदूळ त्यांचा आहे."

आणि पुढचा घास घेतला.

शिरीषने भाकरीचा तुकडा मोडला. भाजीला लावला. तोंडात घातला. भाजी चांगली झाली होती, ते त्याला कळत होतं. तरी घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. पाण्याच्या घोटाबरोबर त्याने तो कसाबसा खाली ढकलला. दुसरा घास हातातच राहिला.

"घे की अजून," बुवा म्हणाले.

"नको."

"का रे?"

"भूक नाही, बुवा."

शब्द तोंडून गेले आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

हाच आवाज होता. हेच शब्द. तात्या रोज साडेआठला हेच म्हणत होते. असंच, मान वर न करता. असंच पान बोटभर पुढे सरकवून. आणि तो रोज म्हणत होता, "तात्या, तुमच्या आवडीचं आहे हो," आणि कागदावर बघून उद्याचा डबा वर काढून ठेवत होता.

"सकाळपासून काय खाल्लंयस?" बुवांनी विचारलं.

"चहा घेतला होता... एक कप."

"मग भूक कशी नाही?"

शिरीषने हातातला घास परत पत्रावळीवर ठेवला.

बुवांनी भातावर आमटी घेतली. ते जेवत राहिले. पलीकडे कोंडाबाई शेंगा फोडून दाणे तोंडात टाकत होत्या आणि टरफलांचा ढीग वाढत होता.

निघताना शिरीष पाया पडला. बुवांनी त्याच्या हातात भुईमुगाच्या वेलांची एक मोठी पेंढी दिली. मुळांना शेंगा लोंबत होत्या आणि शेंगांना वावरातली ओली माती चिकटलेली होती.

"घरी ने."

"हो, बुवा."

ओसरीच्या पायऱ्या उतरता उतरता शिरीषचं डोकं सवयीने चालू झालं. गाडीत सगळी माती पडेल. इथेच झटकून घ्यावी. घरी पोचायला सव्वाआठ, तोडायला दहा मिनिटं, धुवायला पाच, कुकरला दोन शिट्ट्या. उरलेल्या डब्यात भरून वर चिठ्ठी... त्याने पेंढी दोन्ही हातांनी धरली आणि पायरीच्या दगडावर आपटायला उचलली.

बुवांना उभ्या जन्मात कुणी घाईने चालताना पाहिलं नव्हतं. ते अनवाणी चार पायऱ्या धावत उतरले आणि त्यांनी शिरीषचं मनगट वरच्या वर धरलं.

"झटकू नकोस," ते म्हणाले. "ती तात्यांची भूक आहे."