माकुलांचा उलटा लिलाव

फार पूर्वी युरोपात, पश्चिमेच्या थंड समुद्राकाठी एक बंदर होते. तिथला लिलाव जगावेगळा. आपल्याकडे बोली चढत जाते, तिथे ती उतरत यायची. दवंडीवाला मोठ्या आकड्यापासून सुरुवात करी आणि एकेक नाणे कमी करत येई. जो पहिल्यांदा "माझे!" म्हणेल, त्याचा माल.

त्या बंदरात एक कोळी होता. जाळ्यात चेंगरलेला ढीग ओढून आणणे त्याला पटत नसे. तो गळाने एकेक माकूल, म्हणजे दहा सोंडांचा तो मऊ समुद्री जीव, धरायचा, म्हणून त्याची माकुले सगळ्यांत ताजी. ताज्या माकुलांचा भाव वर्षागणिक चढत होता आणि व्यापाऱ्यांच्या पोटात दुखत होते. एके दिवशी त्यांनी आपसांत ठरवले, "आज कोणी तोंड उघडायचे नाही. भाव आपोआप तळाला जाईल."

बंदरावर खाणावळ चालवणारी एक म्हातारीही लिलावात माकुले घ्यायला येई. तिलाही त्यांनी दम भरला, "मध्ये बोललीस तर या बाजारात पाय ठेवू देणार नाही."

लिलाव सुरू झाला. "वीस! एकोणीस! अठरा!"

सगळे गप्प. कोळ्याचा चेहरा पडला. "आज मातीमोल गेले, तर होडीच विकून टाकतो," तो म्हणाला.

म्हातारीने ते ऐकले. तिने टोपलीत पाहिले. माकुलांच्या अंगावरचे तांबूस ठिपके अजून उमलत-मिटत होते. अशा मालाला पंधरा नाणी हा रास्त भाव, हे तिला ठाऊक होते. व्यापाऱ्यांनाही होते.

"सोळा! पंधरा!"

"माझे!" म्हातारी ठणकावून म्हणाली.

व्यापारी खवळले. "अगं, जरा थांबली असतीस तर दोन नाण्यांत मिळाले असते!"

"मिळाले असते की! पण मग उद्या ते आणायला समुद्रावर कोण गेले असते? तुम्ही?"

"उद्यापासून या बाजारात पाय ठेवायचा नाही!" एक व्यापारी ओरडला. बंदरावरचे सगळे कोळी म्हातारीच्या मागे येऊन उभे राहिले. "आजीला बाजार बंद, तर आमच्याही टोपल्या बंद!"

माल नाही तर व्यापार कसला? व्यापाऱ्यांनी निमूट माना खाली घातल्या.

तेव्हापासून दवंडीवाला पंधरावर आला की डोक्यावरची टोपी काढून थांबायचा. त्याखाली माकूल विकले जात नसे. लोक त्याला 'आजीचा भाव' म्हणत आणि परक्यांना छाती फुगवून सांगत. कोळ्याने होडी विकली नाही. पुढे त्याच्या लेकीनेही तीच वल्हवली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कष्टाचा भाव पडताना गप्प बसणे हीसुद्धा लूटच. रास्त मोल ठाऊक असेल, तर ते मोठ्याने बोलावे.