हाशीबायनं दर्याचं लग्न लावलं

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा नांदखाडीला धक्का नव्हता, होड्यांना इंजिन नव्हतं, आणि वारा नेईल तसा माणूस पाण्यावरून जायचा. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची एक पाखाडी होती. पाखाडी म्हणजे घरांची एक रांग, सगळी पाण्याकडे तोंड करून बसलेली, आणि पुढं पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. त्या रांगेत हाशीबाय राहायची. ती धवलारीण होती.

आता धवलारीण कोण, तर लग्नातलं गाणं म्हणणारी बाई. त्या गाण्याला धवला म्हणतात. हळदीला धवला, मांडवाला धवला, आणि तो पुरा झाल्याशिवाय नवरानवरी म्हणजे नुसती शेजारी उभी राहिलेली दोन माणसं. हाशीबायचा आवाज ऐकलेलं आता कुणी उरलं नाही. पण असं म्हणतात, ती गायला लागली की टोपलीतली मासळी शेपटी हलवायची, आणि वाळत घातलेली जाळी वारा नसताना डुलायची.

आवाज होता तसा तोराही होता. धवला तिनं कुणाला शिकवला नाही. शेजारच्या बारकीबायचा आवाज रहाटासारखा करकरायचा. ती मांडवात जरा गुणगुणली की हाशीबाय चारचौघींत म्हणायची, "गप गो बारके! नवरा पलंल मांडवातशी."

"पलू दे की," बारकीबाय म्हणायची. "माझा तुझ्या धवल्यानं थांबला, त्यानं काय दिवे लावले?"

आणि मांडव हसायचा.

हा धवला हाशीबायला तिच्या सासूनं दिला होता. देताना बजावलं होतं, "जोडप्याबिगर म्हणू नको. जोडपं नसंल तर गाणं गाणारनीचा आवाज घेऊन जातं. आनि एकदा उचललंस तर अर्ध्यात ठेवू नको." हाशीबायनं हे जन्मभर पाळलं. तिचा नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं, शेतीवाडी नव्हती. तिच्यापाशी आवाज तेवढा होता.

एका माघात सगळ्या होड्या दर्यावर गेल्या, आणि दिवस कलताना धुकं उतरलं. असलं धुकं, की दारात उभं राहिलेल्या बाईला स्वतःच्या पायाची बोटं दिसेनात. खाडीच्या मुखाशी दोन्ही अंगांना खडक आहेत, आजही आहेत. मधली वाट चुकली की होडीच्या फळ्या झाल्याच. बायकांनी दिवे लावले, ते धुक्यानं गिळले. मग ढोल आणला. पण पलीकडचा डोंगर मोठा खोडकर, त्यानं ढोल जसाच्या तसा परत वाजवला. होडीवाल्यांना कळेना खरं गाव कुठल्या अंगाला. कुठेतरी लाकूड खडकाला घासल्याचा आवाज आला, आणि बायकांनी ढोल वाजवणाऱ्याचे हातच धरले.

त्या गलक्यात बारकीबाय हाशीबायच्या दाराशी आली. तिचा नवरा होडीवर, दोन्ही मुलगे होडीवर.

"हाशे," ती म्हणाली, "माझी आजी सांगायची, डोंगर सगल्याला उलट बोलतो, धवल्याला नाय बोलत. लग्नाचं गाणं दुसऱ्याच्या तोंडचं तो घेत नाय."

"आनि माझा आवाज गेला म्हंजे?"

बारकीबाय म्हणाली, "मी गा म्हनून नाय सांगत गो. तुझ्यापाशी उभी रायते फकस्त."

हाशीबाय उठली. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, लग्नाला निघाल्यासारखा, आणि ती पाण्यात उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं धवला उचलला.

"उंबऱ्यावर हळद सांडली, ये रे नवरदेवा."

आणि डोंगर गप्प राहिला, असं म्हणतात. धुक्यात एक सरळ वाट पडली, दिसणारी नव्हे, ऐकू येणारी.

"चुलीवर भात उतू आला, ये रे नवरदेवा."

तिकडे होडीवरच्या माणसांना शिजत्या भाताचा वास आला. प्रत्येकाला आपल्याच चुलीचा. हळदीची ओळ ऐकून एका म्हाताऱ्यानं अंगाकडे पाहिलं तर हात पिवळे झालेले. कुणी सुकाणू फिरवलं नाही, कुणी वल्ही मारली नाही. होड्या गाण्याला धरून आल्या, जशी लहान मुलं आईच्या पदराला धरून बाजारातून येतात. एक आली. मग दुसरी. मग रांगच लागली.

पण गाण्यालाही शेवट असतो. धवल्याच्या शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घ्यायचं असतं आणि नवऱ्याचं. तिथवर ती आली, आणि जोमा पाटलाची होडी अजून बाहेरच होती. जोमा पाटील म्हणजे पाखाडीचा वडीलधारा, सगळ्यांना पुढं घालून स्वतः मागं राहणारा. नाव नाही घेतलं तर गाणं अर्धं राहणार, आणि पाटील धुक्यात. घ्यायचं तर कुणाचं? काठावर लग्नाचं कुणीच नाही. हाशीबायनं मागं पाहिलं, घरांच्या ओळीकडे. पुढं पाहिलं, पाण्याकडे. आणि ती गायली,

"नवरी आमची पाखाडी, नवरा हा दर्या. पदर बांधिला, ये रे नवरदेवा."

तेव्हा एक लाट आली. तिनं पाटलाची होडी अलगद उचलली आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवली, बसायला पाट मांडावा तशी.

पाटील उतरला, डोकं ओलं, आणि म्हणतो काय, "कुनाचं लगीन गो? मला आवतन नाय?"

बायकांनी त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून पायरीवरच बसला. "दर्याला जावई केलात? अगो, देव होता तो आपला! देवाला एक नारल पुरतो. जावयाला पुरतो का?"

तेव्हा कुठं पाखाडी हसली, रडत रडत हसली. हाशीबायही काहीतरी बोलायला गेली. तिनं तोंड उघडलं, आणि शंख कानाला लावल्यावर येतो तसा नुसता वारा आला.

त्यानंतर वर्षभर पाखाडीत लग्न लागलं नाही. लावणार कशानं? होड्या सुखरूप होत्या, पण ठरलेल्या मुली तशाच बसून राहिल्या. हाशीबाय दारात बसायची आणि दर्याकडे बघायची. आवाज गेल्याचं तिला वाईट वाटत होतंच. पण आपल्यामागं धवलाही जाणार, हे तिला जास्त टोचत होतं. मुठीत धरून ठेवला, आणि आता मूठ उघडायला आवाज नाही.

पुन्हा माघ आला. दर्याला जावई केल्याचा दिवस आला. सकाळी बारकीबाय दार उघडून बघते, तर हाशीबाय तांदळाच्या पिठाचं भांडं घेऊन तिच्या भिंतीपुढं उभी. बोट बुडवून भिंतीवर काढत होती. एक उंबरा काढला. त्यावर सांडलेली वाटी काढली. मग पुढच्या घरी गेली, तिथं चूल काढली, चुलीवर उतू जाणारं भांडं. त्यापुढच्या घरी दिवा, त्यापुढं तुळस, त्यापुढं पाण्याची घागर. घरामागून घर, भिंतीमागून भिंत. बायकांना कळेना बाईला झालंय काय.

बारकीबाय चित्राकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडून नकळत निघालं, "उंबऱ्यावर हळद सांडली..."

म्हटलं आणि तिनं जीभ चावली. पण हाशीबायनं तिचा हात धरला आणि मान हलवली, म्हण, म्हण. बारकीबायनं तो रहाट पुरता सोडला. सगळी पाखाडी कानावर हात ठेवून हसली, आणि असं म्हणतात, सगळ्यांत जास्त हाशीबाय हसली, आवाजाशिवाय, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग शेजारच्या घराला आपली ओळ आठवली. मग त्यापुढच्या. आयुष्यभर मांडवात ऐकलेलं, कधी म्हणू न दिलेलं, ते एकेका दारातून बाहेर आलं. संध्याकाळपर्यंत धवला पुरा झाला, आणि त्याच आठवड्यात ठरलेल्या मुलींची लग्नं लागली.

हाशीबाय कधी गेली, ते कुणी सांगत नाही. एका वर्षी भिंतींवर काढत काढत ती शेवटच्या घरापुढं गेली आणि ओल्या वाळूत काढत राहिली. भरती आली, वाळू पुसली, आणि ती वाळूवर दिसली नाही. लोकांनी शोधलं नाही. जावयाकडे राहायला गेली म्हणाले.

अजून माघात तो दिवस येतो. त्याला हाशीबायचा धवला म्हणतात. आठवडाभर आधी भिंती सारवतात. शाळेतली मुलं पिठानं हात माखून घेतात, होड्यांना नवे रंग चढतात. पलीकडच्या तीरावरून डफवाले येतात, बेंजोवाले येतात, ज्याला जे वाजवता येतं ते घेऊन तो येतो. पाहुणा कुणीच नसतो, सगळे वऱ्हाडी. दिवस कलला की वाजपं थांबतात आणि पहिल्या घरातून ओळ निघते. ज्या घरची ओळ त्या घरानंच म्हणायची, आवाज कसाही असो. चांगल्या गळ्याच्या माणसानं पुढं होऊन दुसऱ्याची ओळ म्हटली, तर त्याला खाली बसवतात.

म्हणून तर कुणी रुसून दार लावून घेतलं की गाणं तिथंच थांबतं. मग सगळे त्या दाराशी जातात, भांडण असेल ते मिटवतात. कुणी मुंबईला गेलेलं असतं, कुणी त्याहून लांब. त्यांना आधी निरोप जायचा, आता फोन जातो. फोनवर दुसरं काही बोलत नाहीत. "तुमच्या दारात गाणं अडलंय, या," एवढंच सांगतात.

आणि माणसं येतात. एस्टीनं येतात, उशिरा येतात, पिशवी खांद्यावरच ठेवून कुलूप काढतात. तोवर पाखाडी बसत नाही. डफवाला डफ छातीशी धरून उभा, म्हाताऱ्या काठीवर उभ्या, लहानगी खांद्यावर पेंगलेली. असं म्हणतात, भरतीसुद्धा तेवढ्यापुरती पायरीशी येऊन थांबते.

दार उघडतं. दारातला माणूस घसा खाकरतो.