ढब्बू उठेना, पिटूला ऊन मिळेना

जुईच्या अंगणात एक टब. टबात पाणी. पाण्यात दगड. दगडावर ऊन. उन्हात कोण? पिटू कासवी! एवढीशी, पुरीएवढी.

पिटू रोज पोहायची. डुबुक डुबुक. मग दगडावर चढायची. पाठ शेकायची. दगड तिचा. ऊन तिचं. जुईसुद्धा तिचीच.

एके दिवशी जुईने दुसरं कासव आणलं. गोल गोल. पाठीवर पिवळी नक्षी. नाव ठेवलं ढब्बू.

"कासव ते कासव! दोघं राहतील एका टबात," जुई म्हणाली. आणि ढब्बूला ठेवलं कुठे? पिटूच्या दगडावर!

"अय्या, किती छान!" जुई म्हणाली. ढब्बूला हं. पिटूला नाही.

पिटूला आला राग. वाटला हेवा. पोटात कसं चुर्र झालं.

"ए ढब्बू, ऊठ! माझा दगड!"

"नाही उठणार," ढब्बू म्हणाला. "खाली पाणी आहे. मला पोहता येत नाही. आधी माती दे."

पिटू टबाबाहेर आली. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. गेली कुंडीकडे.

"कुंडीताई, कुंडीताई, माती दे.
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"नाही देणार. तुळशीला रोज पाणी. मी आपली कोरडी! माती झालीय कडक. आधी झारीला माझ्यावर पाणी घालू दे."

कुंडीच्या पोटातही चुर्र!

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. पिटू गेली झारीकडे.

"झारीताई, झारीताई, पाणी घाल.
कुंडी माती देईना,
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"नाही घालणार. नळ रोज बादलीच भरतो. मी आपली रिकामी! आधी नळाला मला भरू दे."

झारीच्या पोटातही चुर्र!

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. पिटू गेली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, झारी भर.
झारी पाणी घालेना,
कुंडी माती देईना,
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"नाही भरणार. जुई सारखी टबापाशी. माझ्याकडे बघते तरी का? आधी जुईला तोटी फिरवू दे."

नळाच्या पोटातही चुर्र!

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. पिटू गेली जुईकडे. जुई गाल फुगवून पायरीवर बसली होती.

"जुई, जुई, तोटी फिरव.
नळ झारी भरेना,
झारी पाणी घालेना,
कुंडी माती देईना,
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"नाही फिरवणार. आईच्या मांडीवर सारखं बाळच! आधी आईला मला घेऊ दे."

अगं बाई! जुईच्या पोटातही चुर्र!

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक. पिटू गेली आईकडे.

"आई, आई, जुईला घे.
जुई तोटी फिरवेना,
नळ झारी भरेना,
झारी पाणी घालेना,
कुंडी माती देईना,
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"कशी घेऊ गं? बाळ रडतंय. आधी बाळाला हसू दे."

पिटू गेली बाळापाशी.

"बाळा, बाळा, हस ना रे.
आई जुईला घेईना,
जुई तोटी फिरवेना,
नळ झारी भरेना,
झारी पाणी घालेना,
कुंडी माती देईना,
ढब्बू दगड सोडेना,
माझं ऊन मला मिळेना!"

"ट्यँऽऽ!" बाळ ओरडलं.

पिटू घाबरली. सुर्रकन डोकं आत!

बाळ गप्प. डोकं गेलं कुठे?

पिटूने हळूच डोकं बाहेर काढलं. बाळ हसलं. खुदुक! पुन्हा डोकं आत. पुन्हा बाहेर. खुदुक खुदुक!

बाळ हसलं, आईने जुईला मांडीवर घेतलं.
जुईने तोटी फिरवली. किर्र किर्र!
नळाने झारी भरली. भळ भळ!
झारीने पाणी घातलं. झिर झिर!
कुंडीने माती दिली. धप्प!

माती पडली शेजारच्या घमेल्यात.

"जुई, हे माळावरचं कासव," आई म्हणाली. "पाण्यात कसं राहील ते?"

"मला कुठे माहीत होतं?" जुई म्हणाली. तिने ढब्बूला अलगद उचललं. मातीवर ठेवलं. ढब्बूने पाय पसरले.

पिटू दगडावर चढली. आहाहा! दगड तिचा. ऊन तिचं.

ढब्बू बघतच राहिला. "पिटू, तुला पोहता येतं! मला नाही येत. मला तुझा हेवा वाटतो बाई!"

पिटू खूश! माझा हेवा? माझा?

"हे बघ हं!" ती म्हणाली. आणि डुबुक! मारली पाण्यात उडी. पुन्हा वर, पुन्हा उडी. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक!

दगड राहिला रिकामा.

पिटू भिजली, माती थिजली, आपली गोष्ट इथेच निजली.